शेवटच्या रेषेवरची चादर

आमच्या पलंगाखाली जुन्या बुटांचा ढीग आहे. तळ झिजलेले, अंगठ्याजवळ फाटलेले, एकाची लेस दुसऱ्याला. टाकून द्यावेत तर नणंद ओरडते, ठेवावेत तर झाडू आत जात नाही. माझ्या फजितीचे किस्से पण असेच साठलेत. दर रेसला एक जोड वाढतो!

नणंदेचं नाव करुणा. दहा हजार मीटर पळते. म्हणजे मोठ्या ग्राउंडला पंचवीस चकरा, त्याही कुत्रं मागं लागलेलं नसताना. मुदखेडात तिला शाळेतली पोरं पण ओळखतात. वयानं माझ्यापेक्षा मोठी, पण यांची धाकटी बहीण. म्हणून ती मला वहिनी म्हणते आणि मी तिला ताई. घरात आणखी सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. मालकांचं स्टेशनसमोर मोबाईल रिपेअरचं दुकान. आणि माझी यशू, साडेतीन वर्षांची.

लांब पळणाऱ्या पोरींचं एक असतं. शेवटची रेष ओलांडली की अंगातलं सगळं संपलेलं असतं, पोरगी तिथंच बसते. तेव्हा घरचं कुणीतरी चादर नाहीतर टॉवेल घेऊन उभं असतं, ते पळत जाऊन तिला गुंडाळतं. कुणाची आई, कुणाचा भाऊ. आमच्या ताईसाठी रेषेवर कधी कुणीच नसायचं. दुकान बंद ठेवता येत नाही, आत्यांचे गुडघे धरलेले. राहिले मी.

आणि मला लाज वाटायची. आखूड चड्डीत पळणारी नणंद, बघणारे शंभर लोक आणि मधोमध पदर सावरत उभी मी!

ताई दर रेसच्या आधी विचारायची, "वहिनी, येती का? काही करायचं न्हाई. चादर धरून रेषेवर उभं राहायचं, बस."

मी म्हणायचे, "पुढच्या टायमाला नक्की."

* * *

लग्नाला आठ दिवस झाले होते. पहाटे कडी वाजली म्हणून बाहेर आले, तर ताई टी-शर्ट आणि चड्डीवर निघालेली. शेजारी कलावतीकाकू सडा टाकत होत्या. काकूंचं किराणा दुकान आमच्या भिंतीला लागून. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही.

"काय गं नवरी, नणंद कुठं चालली एवढ्या पहाटं?"

माझं माहेर औश्याजवळचं खेडं. तिथं बाईमाणूस पळतं ते एक तर घर पेटल्यावर, नाहीतर एसटी सुटल्यावर. मी म्हणाले, "दूध आणायला."

"मग पळत कशाला?"

"नासतं ना!"

काकूंनी माझ्याकडं बघितलं, रिकाम्या हातानं पळत जाणाऱ्या ताईकडं बघितलं आणि परत सडा टाकायला लागल्या. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू किटली घेऊन दारात हजर. "रोज जातीच हाय तर आमचं पण अर्धा लिटर आण गं!"

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. तिनं गुपचूप किटली घेतली आणि पळत निघाली. दोन तासांनी आली ती घामानं निथळत, टी-शर्टवर दुधाचे ओघळ, किटलीत तळाला थोडं दूध.

काकू म्हणाल्या, "बाई गं, आज फेस लई आलाय!"

ताई घरात येऊन मला एवढंच म्हणाली, "वहिनी, उद्यापासून खरं सांगत जा. किटली घेऊन स्पीड येत न्हाई."

* * *

तिच्या चड्ड्या वाळत घालायचं मोठं संकट होतं. आमची दोरी रस्त्यावरून दिसते. मी त्या चड्ड्या माझ्या साडीच्या खाली दडवून वाळत घालायचे. त्या वाळायच्या नाहीत, ताई ओल्याच घालून जायची. मांड्या सोलून निघायच्या. खोबरेल तेल लावायची आणि जायची.

एकदा तिला बघायला पाहुणे आले, नायगावकडचे. मी सकाळपासून घर घासून ठेवलं. मेडल कपाटात, बूट पलंगाखाली, पलंगावर लांब चादर. दोरीचंच विसरले! नेमका वारा आला, साडी उडाली आणि खालून लाल चड्डी फडफडायला लागली.

मुलाची आई अंगणात चूळ भरायला गेली होती. म्हणाली, "हे कुणाचं गं?"

मी पटकन म्हणाले, "यशूच्या पप्पांचं!"

तेवढ्यात यशूचे पप्पाच सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आले. त्यांचं पोट आधी येतं, ते मागून. त्या बाईनं पोटाकडं बघितलं, वीतभर चड्डीकडं बघितलं आणि म्हणाली,

"बाई बाई, धुण्यात लई आटली की!"

सोयरीक जमली नाही. ताईला त्याचं काही वाटलं नाही. ती हसून हसून पलंगावर लोळत होती. "दादा, घालून तर बघ एकदा!" मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

* * *

ताईचे सर म्हणजे शाळेतले खेळाचे मास्तर. तेच स्टॉपवॉच धरायचे, तेच चकरा मोजायचे. एकदा त्यांना इलेक्शन ड्युटी लागली. ताई म्हणाली, "वहिनी, शाळेच्या ग्राउंडवर फक्त चकरा मोज. रेस न्हाई, माणसं न्हाईत. यशूला पण घे."

माणसं नाहीत म्हणाली आणि ग्राउंडवर अर्धं गाव क्रिकेट खेळत होतं! मी लिंबाखाली बसले, पाठ पोरांकडं, मान खाली. दोन वाट्या घेतल्या होत्या. एकीत चिंचोके, एक रिकामी. एक चकर झाली की एक चिंचोका इकडून तिकडं. ताईला म्हणाले, "तू पळत राहा, संपल्यावर मी सांगते."

वर बघायची हिंमत नव्हती. बुटांचा आवाज जवळ आला की चिंचोका टाकायचा. यशू मात्र उभी राहून टाळ्या वाजवत होती. "आत्या आली! आत्या गेली! आत्या आली!"

दहा-अकरा चिंचोके झाले असतील. बघते तर यशू नाकात बोट घालून बसलेली आणि वाटीत एक चिंचोका कमी!

मला पुढचं काही आठवत नाही. चप्पल तिथंच, वाट्या तिथंच, पोरीला उचललं आणि दवाखान्याकडं पळत सुटले. क्रिकेटची पोरं ओरडत होती, "अरे, ही तर ताईपेक्षा जोरात हाय!" दवाखान्यात मी एवढी रडले की डॉक्टरांनी आधी मलाच पाणी दिलं. मग त्यांनी बॅटरी लावून यशूचं नाक बघितलं. एक नाकपुडी, दुसरी नाकपुडी, कान, घसा. काही नाही.

"बाळ, चिंचोका कुठंय?"

यशूनं मूठ उघडली.

डॉक्टर म्हणाले, "ताई, हिचं सगळं ठीक आहे. तुमचं बीपी बघू का?"

घरी आले, यशूला झोपवलं, भाकरी टाकायला घेतल्या. आत्या म्हणाल्या, "करुणा कुठंय?"

माझ्या हातातली भाकर परातीत पडली.

मालक मोटरसायकल घेऊन ग्राउंडवर गेले. पोरं घरी गेलेली, दिवस मावळून राहिला होता आणि ताई एकटी पळत होती. मालक ओरडले, "अगं थांब की!"

ती न थांबताच म्हणाली, "वहिनीनं अजून सांगितलं न्हाई!"

* * *

रेकॉर्ड झालं ते लातूरला. तेव्हाही मला बोलावलं होतं. लातूर म्हणजे माझ्या माहेरच्या वाटेवर. रेस बघून तसंच औश्याला जाता आलं असतं. मी म्हणाले, यशूला ताप आहे.

दुपारी फोन आला. मागं लाउडस्पीकरचा आवाज. ताई धापा टाकत होती. "वहिनी, राज्याचं रेकॉर्ड झालं. दहा हजारचं. आजवर कुणीच एवढ्या लवकर पळली न्हाई."

मी सातवी शिकलेली बाई. एवढ्या मोठ्या गोष्टीवर काय बोलायचं असतं, मला सुचेना. मी विचारलं, "जेवलीस का?"

ती म्हणाली, "न्हाई अजून. सगळ्यांच्या घरचे डबे घेऊन आलेत ना, तिकडं गर्दी हाय. गर्दी कमी झाली की खाते काहीतरी."

आणि मग लगेच, "यशूचा ताप उतरला का?"

यशू तेव्हा पलंगावर उड्या मारत होती.

* * *

रेकॉर्डनंतर सत्कार सुरू झाले. आमच्याकडं पळणाऱ्या बाईचा सत्कार करायचा म्हणजे साडी! शाल, पुस्तक, हार आणि साडी. बूट कुणी देत नाही. ताई साडी नेसतच नाही, त्यामुळं सत्कार तिचा आणि साडी माझी. एका वर्षात माझी पेटी भरली. कलावतीकाकू म्हणायच्या, "नणंद घाम गाळती अन् वहिनी काठपदर नेसती! नशीब लागतं बाई!"

आमच्या वस्तीतल्या विहारात पण सत्कार होता. आत्यांनी स्टेजवर जायला नकार दिला आणि मला पुढं ढकललं. मी सत्काराचीच साडी नेसून सत्काराला! सूत्रसंचालन करणाऱ्या पोरानं माईक माझ्या तोंडासमोर धरला.

"वहिनी, ताईंना पळताना बघून तुम्हाला काय वाटतं?"

समोर सगळी वस्ती. मी म्हणाले, "छान वाटतं."

"वा! त्यांची कोणती रेस तुम्हाला सगळ्यात जास्त आवडली?"

ताई माझ्या शेजारच्या खुर्चीत, गळ्यात हार घालून बसलेली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"सगळ्याच," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या! आत्या तर पदरानं डोळे पुसत होत्या.

घरी येताना ताई माझ्या बाजूनं चालत होती. यशू तिच्या खांद्यावर झोपलेली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ती हळूच म्हणाली, "वहिनी... सगळ्याच?"

* * *

पुढच्या रेसला यशूचे जुलाब. त्याच्या पुढच्या रेसला दाढा येत होत्या. पोरीनं तोपर्यंत आजाराचं अख्खं पुस्तक संपवलं होतं. लेकराच्या नावानं आजार सांगताना मला भीती वाटायची. खरंच झालं तर? म्हणून खोटं बोलून झालं की मी गुपचूप तिची दृष्ट काढायचे.

एकदा पुण्याहून रेस करून ताई रात्रभर गाडीत बसून आली. ब्रॉन्झ मेडल बॅगेत कुठंतरी तळाला होतं. वर मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या, ग्राइप वॉटर आणि एक लोकरीची टोपी. दारातच म्हणाली, "कशी हाय आता?"

यशू खाटेवरून उडी मारून तिच्या गळ्यात पडली. ताईनं तिच्या कपाळाला हात लावला. "अगं, तू तर ठणठणीत हायस!"

यशू म्हणाली, "हाव. पण मम्मी म्हणली मी आजारी हाय."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नसलेली भांडी घासली.

ताईनं ती टोपी यशूला घातली. एप्रिल महिना होता. पोरगी दिवसभर लोकरीची टोपी घालून घामाघूम फिरली, काढू देईना!

* * *

या हिवाळ्यातली गोष्ट. नांदेडला मोठी रेस होती. सर घरी आले, चहा घेताना म्हणाले, "मुखेडकडची एक पोरगी आहे माझ्याकडं. एकोणीस वर्षांची. आई-बाप ऊसतोडीला गेलेत, माझ्याच घरी राहते. करुणा, ती तुझं रेकॉर्ड मोडंल बघ."

ताई म्हणाली, "मोडू द्या की सर. मीच तिला शिकवून राहिले ना चकरा कशा कापायच्या."

तिचा गुडघा सुजत होता. जूनपासून ती दूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून जाणार होती. ही शेवटची रेस. सर गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"वहिनी, एक मागू का?"

"माग."

"या टायमाला यशूला ताप आणू नको."

मी गेले. पेटीतली लातूरच्या सत्काराची जांभळी साडी नेसले, लग्नात आलेली सोलापुरी चादर पिशवीत घेतली, यशूला कडेवर. गाडीत बसल्यापासून यशूचा दंड सोडला नाही. यशूला गर्दीत कुणी उचलून नेलं तर? लोकांनी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगू? स्टेडियमवर सरांनी मला रेषेच्या पलीकडं दोरीजवळ उभं केलं. "इथंच थांबा, हलू नका. संपल्या की पोरी इथंच येऊन पडतात."

पळायच्या आधी ताई आली. चादर माझ्या हातात नीट दिली, साडीकडं बघून हसली आणि गेली.

पिस्तूल वाजलं. वीस-बावीस पोरी. आमच्या जिल्ह्याच्या सात-आठ, सगळ्यांचं निळं बनियन, निळी चड्डी. पहिल्या चार-पाच चकरा मी बघितल्या. मग मागं पडलेल्यांना पुढच्या पोरी गाठायला लागल्या. कोण पुढं, कोण मागं, काही कळेना. सगळ्यांची तोंडं उघडी, डोळे आत गेलेले, सगळ्या सारख्याच. बाजूची माणसं ओरडत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ बाई, पदर सांभाळा, चादर बाजूला घ्या, दिसत न्हाई!" झालं. माझी मान खाली गेली ती गेलीच. यशू मात्र दोरीला लटकून, "आत्या आली! आत्या गेली!"

शेवटच्या चकरेची घंटा वाजली. लोक उठून उभे राहिले. लाउडस्पीकर फुटायला आला: "नवा विक्रम होतोय! नवा विक्रम!"

आमच्या घरात विक्रम म्हणजे ताई. पहिली येते ती ताई. दुसरं कुणी असू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

निळ्या बनियनमधली एक पोरगी रेष ओलांडून चार पावलं गेली आणि गुडघ्यावर पडली, माझ्याकडं पाठ करून. मी यशूला सरांच्या हातात कोंबलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा मी तिला परक्याच्या हातात दिली. दोरीखालून घुसले, पळत गेले, मागून तिच्या डोक्यावरून चादर टाकली आणि घट्ट मिठी मारली. सगळ्या ग्राउंडाला ऐकू जाईल असं ओरडत होते, "आले गं ताई! आले बघ! या टायमाला आले!"

ती वळून माझ्या गळ्यातच पडली आणि हमसून हमसून रडायला लागली. मी पण. फोटोवाले भोवती जमले. मी तिची पाठ चोळत होते, चादर गुंडाळत होते, तेवढ्यात मागून यशूचा आवाज आला,

"मम्मी! आत्या तिकडं हाय!"

मी मान वर केली.

ताई रेषेजवळ उभी होती. हात गुडघ्यावर, नाकावरून घाम गळत होता. दुसरी आली होती. माझ्याकडंच बघत होती.

माझ्या मिठीतल्या चादरीतून मुखेडच्या पोरीचं रडकं तोंड बाहेर आलं.

मी घाईघाईनं चादर सोडवायला लागले. पोरगी सोडेना, दोन्ही मुठीत धरून बसलेली. फोटोवाले फोटो काढत होते. मला वाटलं, हे ग्राउंड फाटावं आणि मी आत जावं.

ताई लंगडत आमच्याजवळ आली.

"काढू नको, काढू नको," ती म्हणाली. "नीट गुंडाळ तिला. गार पडंल ती."

"ताई, मला वाटलं..."

"हाव. ऐकलं मी. सगळ्या नांदेडनं ऐकलं."

ती माझ्या बाजूला मातीत बसली, माझ्या डोक्यावरचा पदर ओढला आणि खसाखसा तोंड पुसायला लागली. कपाळ, मान, काखा, सगळं. भर ग्राउंडात मी उघड्या डोक्यानं, एका हातात दुसऱ्याची लेक!

"अगं ताई, सगळे बघून राहिलेत!"

"बघू दे की," ती पदरातूनच म्हणाली. "साडी माझीच हाय."